बुराक एक, धनी दोग: एका बोटीच्या चार मॉडेलांचा ताळा

चवथीची सुट्टी संपून यार्ड उघडलं त्या सकाळी मेस्त्रींनी मला वरच्या ऑफिसातून खाली बोलावून घेतलं. बोटीच्या डेकवर बॅटरी-खोलीची मागची पोलादी भिंत उभी राहिली होती. तिच्यावर त्यांनी खडूने दोन आकृत्या काढून ठेवल्या होत्या. एक गोल, पंख्याच्या डक्टचा. एक चौकोन, केबल ट्रेचा. चौकोनाचा कोपरा गोलाच्या पोटात घुसलेला.

"बाब, बुराक एक, धनी दोग. कोणाक दिवूं?"

बुराक म्हणजे भोक. हा कोकणीत आलेला पोर्तुगीज शब्द आमच्या यार्डात मराठी बोलणारेही सर्रास वापरतात. मेस्त्रींच्या हातात दोन ड्रॉइंगं होती, दोन्हींवर 'मंजूर' असा शिक्का, आणि प्रत्येक ड्रॉइंग आपापल्या जागी बिनचूक. या एका भोकावरून पुढचे पाच आठवडे काय काय बाहेर आलं, ते इथे सविस्तर मांडतो. यार्डाचं, सल्लागारांचं आणि बोटीचं नाव देत नाही. आकडे ओळख पटू नये इतपत गोल केले आहेत, पण हिशेब जुळतो.

यार्ड गोव्यातल्या झुवारी नदीच्या काठावर. एकेकाळी इथे खनिजाच्या बार्जच बांधल्या जायच्या. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तशी ती कामं आटली आणि काठावरच्या बऱ्याच यार्डांना प्रवासी बोटी, दुरुस्त्या, मिळेल ते काम धरावं लागलं. बार्जचं डिझाइन म्हणजे पोलाद, इंजिन आणि मेस्त्रींचं डोकं. ही बोट वेगळी होती. 20 मीटर लांब, 60 प्रवासी, मांडवीत संध्याकाळच्या फेऱ्या मारणारी आणि बॅटरीवर चालणारी. भरलेल्या बोटीचं वजन सुमारे 40 टन.

चार जण चार ठिकाणी काम करत होते. बोटीचा आकार आणि स्टॅबिलिटी, म्हणजे बोट किती कलेल याचा हिशेब, पणजीतल्या नेव्हल आर्किटेक्ट मॅडमकडे. स्ट्रक्चरची ड्रॉइंगं आमच्याच ड्रॉइंग-ऑफिसात. बॅटरी, मोटर, केबल पुण्याच्या सल्लागाराकडे. पंखे, डक्ट, एसी वास्कोतल्या एका छोट्या फर्मकडे. प्रत्येकाचं मॉडेल वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं. स्टॅबिलिटीचं मॉडेल म्हणजे बोटीचा आकार आणि त्याला जोडलेला वजनांचा तक्ता. पुण्याचं मॉडेल म्हणजे थोडी 3डी आणि बाकी सगळा एक्सेल. मी को-ऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्यांच्या मेल एकमेकांना पुढे ढकलणारा.

भोकाचं कारण शोधायला अर्धा तास पुरला. गोव्यात चवथीला यार्ड बंद म्हणजे बंद. मेस्त्री पेडण्याला, वेल्डर काणकोणला, मी सावंतवाडीला. पुण्यात मात्र ऑफिस चालू होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी वास्कोच्या फर्मने पंखा मोठा केला आणि डक्ट 200 मिलिमीटरवरून 250 वर नेऊन थोडा डावीकडे सरकवला. ती फाइल माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच राहिली, कारण मी मोदक खात होतो. पुण्याच्या मुलाने जुन्या फाइलवर मोकळी दिसलेली जागा बघून ट्रे तिथून नेला. चूक कोणाची, तर माझी. पण आठवडाभर एक माणूस जागेवर नसला की भिंतीला चुकीचं भोक पडतं, ही व्यवस्थेचीही चूक आहे, असं मी तेव्हा मालकांना म्हणालो. ते हसले नाहीत.

भिंतीचा प्रश्न ट्रे 180 मिलिमीटर खाली घेऊन सुटला. बॅटरी-खोलीची भिंत गॅस अडवणारी लागते, तिच्यातल्या प्रत्येक भोकाला सीलबंद बॉक्स बसवावा लागतो. त्यामुळे एक ड्रॉइंग बदललं, एक बॉक्स नव्याने मागवला. खर्च किरकोळ. खरं तर प्रकरण तिथेच संपायचं.

पण ट्रे हलवताना केबलची लांबी पुन्हा काढायची म्हणून मी चौघांना एक साधा प्रश्न मेल केला: बॅटरीचं वजन तुम्ही किती धरलं आहे, आणि ती तुमच्याकडे कुठे आहे?

चार उत्तरं आली, चारही वेगळी.

मॅडमच्या तक्त्यात 1.6 टन, कीलपासून (बोटीच्या तळाच्या कण्यापासून) 0.7 मीटर उंचीवर, म्हणजे डेकच्या खाली. पुण्याकडे 2.0 टन. आमच्या ड्रॉइंग-ऑफिसाने डेकची ताकद तपासताना 3 टन धरले होते. वास्कोच्या फर्मला वजनाशी देणंघेणंच नव्हतं. त्यांच्या मॉडेलमध्ये बॅटरी म्हणजे अमुक किलोवॉट उष्णता देणारा एक ठोकळा, जागा डेकवर, कीलपासून 1.9 मीटर उंचीवर. शेवटी पुरवठादाराला फोन केला. त्याने सांगितलं, रॅक, थंड करायची यंत्रणा आणि कंट्रोल कपाट धरून 2.4 टन.

यातलं कुठलंही उत्तर अडाण्याचं नव्हतं. मॅडमचा आकडा सुरुवातीच्या 160 किलोवॉट-तासांच्या बॅटरीचा होता, किलोवॉट-तासाला 10 किलो या हिशेबाने. पुढे परतीच्या फेरीसाठी क्षमता 200 झाली. पुण्याने तोच हिशेब लावून 2.0 केले. पण ते नुसत्या मॉड्यूलांचं वजन, कारण इलेक्ट्रिकलच्या माणसाला बॅटरी म्हणजे मॉड्यूल. रॅक त्याच्या लेखी लोखंडकाम. स्ट्रक्चरवाल्यांनी 3 धरले, कारण ताकदीच्या हिशेबात जास्त धरलेलं बरं. 'बॅटरी' हा एकच शब्द चार तक्त्यांत चार वस्तूंचं नाव होता.

आणि जागा? बॅटरी डेकखालून डेकवर आणायचं ठरलं होतं, तळातलं पाणी आणि गॅस बाहेर काढायची सोय या दोन कारणांनी. निर्णय योग्यच. त्या मेलमध्ये मॅडमही होत्या. पण मेलचा विषय होता 'बॅटरी-खोलीचा पंखा'. स्टॅबिलिटी बघणारी व्यक्ती दिवसाला येणाऱ्या साठ मेलमधून पंख्याची मेल का उघडेल?

आता आकडेमोड. ज्यांना कंटाळा असेल त्यांनी शेवटचा अंश तेवढा बघावा, पण या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

प्रवासी बोटीत एक तपासणी अशी असते की सगळे प्रवासी एका बाजूला गोळा झाले तर बोट किती कलेल. आंतरराष्ट्रीय स्टॅबिलिटी संहितेत ही मर्यादा 10 अंशांची आहे आणि माणशी वजन 75 किलो धरतात. आमची बोट लहान, नदीतली. तरी मॅडमनी तोच निकष लावला होता आणि मला तो पटतो. मांडवीवर सूर्य बुडायला लागला की साठच्या साठ माणसं मोबाइल घेऊन एका कठड्याला येतात. ते कुठल्या निकषात लिहिलेलं नाही, पण आम्ही रोज बघतो. 60 माणसं म्हणजे 4.5 टन. ती मधून सरासरी 1.25 मीटर बाजूला सरकली, तर मोमेंट (वजन गुणिले अंतर) सुमारे 5.6 टन-मीटर.

मूळ तक्त्यानुसार बोट 40 टन, गुरुत्वमध्य कीलपासून 1.55 मीटर, मेटासेंटर (कलताना बोट ज्या बिंदूभोवती झुलते तो) 2.40 मीटर, म्हणजे जीएम, या दोन उंचींमधलं अंतर, 0.85 मीटर. कल 9.4 अंश. पास.

बॅटरी 2.4 टन करून 1.9 मीटरवर नेली की बोट 40.8 टन, गुरुत्वमध्य 1.60, आणि बोट जराशी खोल बसल्यामुळे मेटासेंटर सेंटीमीटरभर खाली. कल 9.9 च्या थोडा वर. तरीही पास! इथे थांबलो असतो तर सगळे खूश झाले असते. पण तक्ता उघडलाच होता म्हणून मॅडमनी वास्कोच्या यादीतली प्रत्येक वस्तू आपल्या यादीशी लावून बघितली. छतावरचे दोन एसी, 350 किलो, उंची 3.9 मीटर, स्टॅबिलिटीच्या तक्त्यात नव्हतेच. ते घातले आणि कल झाला 10.1 अंश.

याहून बोलका एक आकडा मॅडमनी सहज काढून दाखवला. समजा कोणी 'सुरक्षित बाजूला राहू' म्हणून स्ट्रक्चरवाल्यांचे 3 टन उचलून जुन्याच जागी, डेकखाली घातले असते, तर कल 8.9 आला असता. मूळपेक्षाही चांगला! खालचं वजन बोटीला सावरतं. डेकच्या ताकदीसाठी जे जास्त धरणं शहाणपणाचं, तेच स्टॅबिलिटीसाठी खोटा दिलासा देणारं. मी तोवर 'सगळ्यांनी सगळ्यात जड आकडा धरावा' असा फतवा काढायच्या बेतात होतो. तो खिशातच राहिला.

मग 3डी मॉडेलं एकत्र करून टकरी शोधणारं सॉफ्टवेअर काय करत होतं? तेही होतं आमच्याकडे. दर पंधरवड्याला चालायचं आणि शे-दोनशे टकरी दाखवायचं. पाइप ब्रॅकेटला लागतो, ट्रे दिव्याला लागतो. आमच्या बैठका त्याच यादीत संपायच्या. पण सॉफ्टवेअरला दिसते ती जागेची टक्कर. 1.6 आणि 2.4 हे दोन आकडे एकमेकांवर आपटत नाहीत, शेजारी शेजारी सुखाने नांदतात. जे डोळ्यांना खुपलं त्यावर आम्ही महिने घालवले आणि जे बोट कलवणारं होतं ते एक्सेलच्या रकान्यात निवांत बसून होतं.

ढोबळ चूक लगेच पकडली जाते, हेही खरं. स्टॅबिलिटीच्या भाषेत केजी म्हणजे कीलपासून गुरुत्वमध्याची उंची. पुण्याच्या नव्या मुलाने पहिल्या तक्त्यात त्या रकान्यात किलोग्रॅम भरले होते. शेकडो मीटर उंचीचा गुरुत्वमध्य बघून सॉफ्टवेअरनेच हात जोडले. त्रास देतात त्या चुका पटण्याजोग्या असतात.

मालकांचं म्हणणं सरळ होतं: सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर घेऊन द्या. मला ते पटलं नाही. पैशांचा मुद्दा सोडला तरी, एअरबसच्या ए380 विमानाचं उदाहरण समोर होतं. हॅम्बुर्ग आणि तुलूझ दोन्हीकडे कॅटिया हे एकच डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरत होते, फक्त एकीकडे चौथी आवृत्ती आणि दुसरीकडे पाचवी. वायरिंगचे जुडगे प्रत्यक्ष बसवायला गेल्यावर आखूड पडले, आणि 2006 मध्ये कंपनीला विमानं द्यायला मोठा उशीर होणार असल्याचं जाहीर करावं लागलं. शिवाय आमचा घोळ सॉफ्टवेअरचा नव्हताच. 'बॅटरी' या शब्दात रॅक धरायचा की नाही, हे कुठलं सॉफ्टवेअर ठरवणार?

मी उलट टोकालाही गेलो होतो, ते कबूल करायला हवं. पहिल्या आठवड्यात मी हुकूम काढला की चारही मॉडेलं रोज संध्याकाळी जुळलीच पाहिजेत, जुळेपर्यंत पुढचं काम नाही. तीन दिवसांत सगळं ठप्प. डिझाइन चालू असताना मॉडेलांमध्ये फरक असणारच. पंखा निवडणारा माणूस उद्या दुसरा पंखा निवडणार आहे, आणि आजच्या पंख्यासाठी भिंत बदलायला लावणं म्हणजे वेळेची नासाडी. रॉबर्ट बाल्झर यांनी 1991 मध्ये सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हेच मांडलं होतं: विसंगती दिसताक्षणी काम अडवू नका, तो भाग 'दूषित' म्हणून खूण करून ठेवा, म्हणजे इतरांना सावध राहून पुढे जाता येईल. मी हे मेस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, आम्ही पिवळा खडू मारतो तसं. खरंच, आमच्या यार्डात ज्या प्लेटचं माप पक्कं नाही तिच्यावर पिवळी खूण असते. ती हलवता येते, टाके मारून उभी करता येते. पूर्ण वेल्ड करता येत नाही.

तोच पिवळा खडू आम्ही कागदावर आणला. एक सामायिक तक्ता केला, नाव ठेवलं 'ताळ्याची वही'. त्यात दोन मॉडेलांत न जुळणारी प्रत्येक गोष्ट एका ओळीत. कोण काय धरतो, खरा धनी कोण, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: कुठवर चालेल. तारीख नाही, टप्पा. उदाहरणार्थ 'या भिंतीची प्लेट कापेपर्यंत'. टप्पा आला की ओळ मिटवायची, नाहीतर ते काम थांबवायचं. मिटेपर्यंत तो आकडा प्रत्येकाच्या तक्त्यात पिवळा.

धनी ठरवण्यावरून मात्र वाजलं. बॅटरीच्या वजनाचा धनी पुणे, हे पुण्याला मान्य नव्हतं. "रॅक आमचा नाही" हेच पालुपद. शेवटी 'बॅटरी' हा शब्दच वहीतून काढून टाकला. त्याऐवजी 'मॉड्यूल', 'रॅक', 'कूलिंग', 'कंट्रोल कपाट' अशा चार ओळी, आणि बेरजेचा धनी मी. जागेचा धनी ड्रॉइंग-ऑफिस, कारण वस्तू जिथे वेल्ड होते तिथेच ती असते. मेलच्या विषयाचा नियमही केला: कुठलीही वस्तू हलली की विषयात 'वजन हललं' हे दोन शब्द. या भिकार वाटणाऱ्या नियमाने जितकं काम केलं तितकं दुसऱ्या कशाने केलं नाही.

काही ओळी मुद्दाम चालू ठेवल्या. पुण्याने बोटीची लांबी मागच्या ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपासून) मोजली होती, मॅडमनी आफ्ट पर्पेंडिक्युलरपासून (हिशेबासाठी मागे धरलेल्या उभ्या रेषेपासून). फरक 600 मिलिमीटर. पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांच्या पोटात गोळा आला. मॅडमनी हिशेब केला: 2.4 टन 600 मिलिमीटर मागेपुढे, म्हणजे ट्रिममध्ये (बोटीच्या पुढे-मागे झुकण्यात) सुमारे अडीच सेंटीमीटरांचा फरक. बाकावर बसलेल्या चार माणसांनी उठून पुढे जावं, तेवढा. त्यासाठी पुण्याची बावीस ड्रॉइंगं परत काढायची? वजनाच्या तक्त्यात आकडा सुधारला, ड्रॉइंगांवर मापाचा शून्य कुठे आहे ती टीप टाकली, आणि ओळ 'पुढच्या आवृत्तीपर्यंत' म्हणून पिवळीच ठेवली. मोठा दिसणारा फरक फुटकळ निघाला आणि कोणालाच न दिसलेल्या 350 किलोंनी मर्यादा ओलांडली.

जेट्टीचं प्रकरण मात्र एक दिवसही चालू ठेवण्यासारखं नव्हतं. जेट्टी दुसऱ्याच सिव्हिल सल्लागाराची, आणि त्यांच्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीपासून. आमच्या गँगवेचा (बोटीत चढायच्या फळीचा) हिशेब नाविक नकाशाच्या शून्यापासून, जो ओहोटीच्या नीचांकाजवळ असतो. मुरगाव बंदरात या दोन शून्यांमध्ये सुमारे 1.3 मीटरचं अंतर आहे. दोन्ही ड्रॉइंगांवर नुसतं 'लेव्हल' लिहिलेलं. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या लाउफेनबुर्गच्या पुलावर 2003 मध्ये असंच झालं होतं. दोन देशांच्या समुद्रसपाटीत 27 सेंटीमीटरांचा फरक आहे हे तिथे माहीत होतं, दुरुस्तीही केली होती, पण उलट्या दिशेने, आणि फरक 54 सेंटीमीटर झाला. म्हणून आम्ही वजाबाकी कागदावर केली नाही. मेस्त्रींना काठी देऊन सुकतीच्या वेळी जेट्टीवर पाठवलं, मग भरतीला पुन्हा. काठीवरच्या दोन खुणा दोन्ही ऑफिसांना फोटो काढून पाठवल्या.

राहिला 10.1 अंशांचा प्रश्न. तळाशी बॅलास्ट (नुसतं वजन) टाकला तर बोट खोल बसते आणि बॅटरी लवकर उतरते. प्रवासी कमी करायला मालक तयार नव्हते, आणि खालचं पोलाद कापून झालं होतं. एसी छतावरून डेकवर आणले, वास्कोच्या फर्मचा डक्ट लांबला, ते कुरकुरले. त्याने कल 9.9 झाला. पास, पण अगदी काठावर; तेवढा पुरेसा नव्हता. खरा उपाय ड्रॉइंग-ऑफिसातल्या मुलीने सुचवला: कठड्यालगत जी मोकळी चालायची पट्टी होती तिथेच बाक बसवा आणि चालायची वाट आत घ्या. बाक असले की माणसं कठड्याला चिकटून उभी राहू शकत नाहीत, दाटी आत सरकते. सरासरी अंतर 1.25 वरून 1.15 मीटरवर आलं आणि कल 9.1. वजनाचा प्रश्न फर्निचरने सोडवला. बाकावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांचं काय, हे मी मॅडमना विचारलं. त्यांनी बाकाची बैठक उतरती करायला सांगितली.

बोट पाण्यात उतरली आणि महिनाभराने इन्क्लाइनिंग टेस्ट झाली. पहाटे साडेपाचची वेळ, वारा नाही, भरती थांबलेली. मेस्त्री शिशाचे ठोकळे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला नेत होते, मॅडम तेलाच्या बादलीत सोडलेल्या लोलकाचं माप घेत होत्या, बाकी सगळ्यांना हलायची बंदी. त्यावरून रिकाम्या बोटीचं खरं वजन आणि गुरुत्वमध्य निघतो. गुरुत्वमध्य हिशेबापेक्षा दोन सेंटीमीटर वर आला, आणि दाटीचा कल 9.2 अंश. वजन तक्त्यापेक्षा 600 किलो जास्त.

त्यातले साधारण 350 किलो आम्ही शोधून काढले: केबलचे क्लिप, ट्रेचे आधार, रंगाचा तिसरा हात, आणि मेस्त्रींनी 'थोडी मजबुती' म्हणून कोणाला न सांगता मारलेल्या काही पट्ट्या. उरलेले 250 किलो सापडले नाहीत. ती ओळ ताळ्याच्या वहीत अजून पिवळीच आहे. 'धनी' या रकान्यात मॅडमनी बोटीचंच नाव लिहून ठेवलं आहे.